जपानी माल

गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता अमेरिकेत, ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहराजवळ, चिरंजीवांकडे होतो. एका शनिवारी न्याहारी आटोपल्यावर चिरंजीव म्हणाला, “अण्णा, आज तुम्हाला एका बाजारात नेतो. सगळा जुना माल आहे. तुम्हाला आवडेल.” जुन्या मालाचे नाव काढले की माझे कान टवकारतात हे त्याला ठाऊक आहे. वाचकांपैकी काहींना आठवत असेल, कोल्हापुरात पस्तीस वर्षे माझे घड्याळे, रेडिओ आणि कॅल्क्युलेटरचे दुकान होते. दुकान बंद झाले, तरी कुठलीही वस्तू उलटून तिची मागली बाजू पाहण्याची सवय काही गेलेली नाही.

निघताना चिरंजीवाने एक लहानशी कापडी पिशवी बरोबर घेतली. तिच्यात काय आहे, हे मी विचारले नाही.

त्याच्या हिल्सबरो उपनगरातून निघालेली स्थानिक रेल्वे विलॅमेट नदी ओलांडून थेट सभागृहाच्या दारात उतरविते. काचेचे दोन उंच मनोरे असलेली ती ओरेगॉन कन्व्हेन्शन सेंटरची वास्तू दुरूनही ओळखू येते. दारावर फलक होता, ‘पोर्टलंड रेट्रो गेमिंग एक्स्पो’. जुना माल म्हणजे जुने व्हिडिओ गेम! मी जागच्या जागी थांबलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तिकीट काढून पोरांचे खेळ पाहायला जावे, हे मनाला पटेना. पण नऊ वर्षांची नात हात ओढत होती, आणि सौभाग्यवती केव्हाच आत शिरल्या होत्या.

आतले दृश्य मात्र जत्रेचे होते. एकीकडे शेकडो टेबलांवर मांडलेल्या कॅसेटी, सेट, वायरी, छापील माहितीपुस्तिका आणि नुसते रिकामे खोकेसुद्धा. दुसरीकडे कपाटाएवढी उंच, पूर्वी नाणे टाकून खेळायची यंत्रे रांगेने उभी. त्यांत नाणे टाकावे लागत नव्हते. दारावरचे तिकीट काढले की दिवसभर हवे तितके खेळा. ओरेगॉन राज्यात विक्रीकर नाही, त्यामुळे टेबलावर लिहिलेली किंमत तीच हाती द्यायची किंमत. जीएसटीच्या रकान्यांत आयुष्याची शेवटची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला हे पाहून क्षणभर मत्सर वाटला, हे कबूल करतो.

यंत्रांच्या रांगेत ‘डाँकी काँग’ होते. एक महाकाय वानर वरून पिंपे गडगडवत सोडतो आणि खालचा ठेंगणा सुतार त्यांवरून उड्या मारत शिड्या चढतो. हाच सुतार पुढे मारिओ म्हणून जगभर प्रसिद्धीस आला. नातीच्या हातून तो तीनदा पडला तेवढ्यात चिरंजीवाने मला त्या यंत्राची जन्मकथा सांगितली, आणि ती ऐकून मात्र माझे मन त्या सभागृहात रमले. कारण ती कथा खेळाची नव्हती, अडकलेल्या मालाची होती.

जपानमधील क्योटो शहरातली निन्टेन्डो ही पेढी १८८९ सालची. आरंभी ती हाताने रंगविलेले खेळण्याचे पत्ते बनवीत असे. पेढी घराण्याचीच राहिली आणि विसाव्या शतकात हिरोशी यामाऊची हे तिचे प्रमुख झाले. १९८० साली अमेरिकेत शाखा काढली तेव्हा तिची धुरा त्यांनी आपल्या जावयावर, मिनोरू अराकावा यांच्यावर सोपविली. जावयाने ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची सुमारे ३,००० यंत्रे मागविली. ती जहाजाने येईपर्यंत बाजाराची आवड पालटून गेली, आणि जवळजवळ २,००० यंत्रे गुदामात पडून राहिली. परक्या देशात, सासऱ्यांच्या भांडवलावर, २,००० नग! त्या जावयाला रात्री झोप कशी लागली असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. सासऱ्यांनी शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडून नवा खेळ तयार करवून घेतला. त्याचे सुटे भाग अमेरिकेस आले आणि अराकावा, त्यांच्या पत्नी व मोजके सहकारी यांनी गुदामात बसून जुन्या यंत्रांच्या पोटात ते स्वतःच्या हातांनी बसविले. तोच हा १९८१ सालचा ‘डाँकी काँग’. आरंभीची काही यंत्रे लाल रंगाची आहेत, कारण ती मुळात रडार स्कोपची कपाटे.

अडकलेल्या मालाची दुसरी तऱ्हाही याच धंद्यात घडली. अटारी या अमेरिकन कंपनीने १९८२ च्या नाताळासाठी एका गाजलेल्या चित्रपटावरून ‘ई.टी.’ हा खेळ अवघ्या पाच आठवड्यांत करवून घेतला आणि कॅसेटी लाखोंनी काढल्या. त्यांतला बराच माल खपला नाही. नुसता तोच खेळ नव्हे, सारा बाजारच बसला. १९८३ साली सुमारे ३२० कोटी डॉलरची मानली जाणारी अमेरिकेतील उलाढाल दोन वर्षांत १० कोटींवर आली. त्या सप्टेंबरात अटारीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावच्या कचऱ्याच्या खड्ड्यात ट्रकांनी माल ओतून वर काँक्रीट घातले. लोकांना पुढे ती दंतकथाच वाटू लागली होती. २०१४ च्या एप्रिलात तो खड्डा उकरला तेव्हा कॅसेटी खरोखर निघाल्या.

बसलेल्या त्या बाजारात १९८५ साली निन्टेन्डोने न्यूयॉर्कच्या दुकानदारांना काय सांगितले, ठाऊक आहे? माल ठेवा, खपेल त्याचेच पैसे द्या, न खपलेला आम्ही परत घेऊ. मी चिरंजीवाला म्हणालो, “हे ज्याला सुचले, तो कधीतरी स्वतः काउंटरमागे उभा राहिलेला असला पाहिजे.” घाऊकवाल्याने असे शब्द माझ्याशी पस्तीस वर्षांत एकदाही काढले नाहीत.

पुढे एका कोपऱ्यात पाठीमागे कुबड असलेले, पिक्चर ट्यूबचे जुने टीव्ही मांडून ठेवले होते आणि त्यांतल्या एकासमोर ‘डक हंट’ची प्लास्टिकची बंदूक होती. सौभाग्यवतींनी ती पाहिली आणि त्या हसू लागल्या. आमच्या घरात नव्वदच्या दशकात हा खेळ आला, तेव्हा त्यांनी बजावले होते, “टीव्हीवरची असली तरी बदके ती बदकेच. या घरात त्यांच्यावर बंदूक रोखायची नाही.” चिरंजीवाने त्यावर वाद घातला नाही. त्या खेळात तीन प्रकार असतात. पहिल्या दोहोंत बदके, तिसऱ्यात नुसत्या हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या. तो वर्षानुवर्षे तिसराच खेळला. आताही नातीच्या हाती बंदूक देताना त्याने न विचारता तिसरा प्रकार लावून दिला.

हेच जुने टीव्ही का, असे मी विचारले. तेव्हा कळले की ती बंदूक काहीच सोडत नाही; उलट उजेड आत घेते. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला तो दिसला तर नेम लागला. पिक्चर ट्यूबवर हे सारे तत्क्षणी घडते. हल्लीच्या सपाट टीव्हीत चित्र उमटायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ चुकते आणि ती आंधळी होते. ज्या टीव्हींना भंगारवाला आता दारातसुद्धा उभा राहू देत नाही, ते इथे मानाने मांडून ठेवले होते ते यामुळे.

एका टेबलावर काचेसारख्या कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या कॅसेटी होत्या, वर दर्जाचे आकडे छापलेले. या कधीच न उघडलेल्या कॅसेटी. २०२१ साली अशा एका ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची विक्री २० लाख डॉलरला झाली. खेळण्याची वस्तू, तिची सर्वांत मोठी किंमत कोणीही न खेळल्याबद्दल! मी असले भाव सोन्यात पाहिले, शेअरांत पाहिले, आमच्या भागात जमिनींत पाहिले. तिथे फार रेंगाळलो नाही.

दुपारी चिरंजीव मला एका साध्या टेबलाकडे घेऊन गेला. मागे पांढऱ्या दाढीचा, दोरीला चष्मा लावलेला एक वृद्ध दुकानदार. आमच्या पुढचे गिऱ्हाईक ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची सोनेरी कॅसेट घेत होते. दुकानदाराने ती लगेच पिशवीत घातली नाही. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने न उघडणारे तिचे स्क्रू त्याने खास हत्याराने काढले, आतल्या हिरव्या पाटीवरचे कंपनीचे नाव व साल बोटाने दाखविले. मग पाटीवरचा नाण्याएवढा सेल दाखवून म्हणाला, “हा मी गेल्या महिन्यात बदलला आहे. त्यामुळे पूर्वीच्या मालकाचा यातला अर्धवट खेळ पुसला गेला. त्यांतले काही हवे असेल तर घेऊ नका.” खेळ कुठवर आला ही आठवण त्या सेलवर तगून असते, सेल काढला की ती जाते. असे सेल मी दुकानात डझनांनी विकले आहेत. विचारले नसताना गिऱ्हाइकाला मालातली उणीव मी किती वेळा सांगितली, याचा हिशेब मात्र मनात जुळेना.

मग चिरंजीवाने पिशवीतून आपली कॅसेट काढली. पिवळी, स्वस्त प्लास्टिकची, वर मारिओ, टँक, विटा अशी गिचमिड चित्रे. “लहानपणीची आहे. दहा वर्षे बंद आहे. पाहता का?”

दुकानदाराने ती हाती घेतली आणि नख घालताच उघडली. आत हिरव्या पाटीवर काळ्या राळेचा एक थेंब, बाकी नाव नाही, साल नाही. तो शांतपणे म्हणाला, “ही नक्कल आहे. अस्सल म्हणून कुणाला देऊ नका. पण साफ करून पाहतो.” त्याने कापसाच्या काडीला स्पिरिट लावून तोंडाशी असलेल्या तांब्याच्या पट्ट्या पुसल्या. काडी काळी झाली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. लोक या कॅसेटींत फुंकर मारतात, त्या फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या आणखी खराब होतात, असेही सांगितले. आमच्याकडच्या कॅसेटींना ६० पट्ट्या, अमेरिकेच्या सेटला ७२. मध्ये एक जोडतुकडा घालून त्याने सेट चालू केला. पडद्यावर खेळांची यादी उमटली आणि चिरंजीव पस्तिशी उलटलेला, लहान मुलासारखा ओरडला.

माझे लक्ष पडद्याकडे नव्हते. कॅसेटचे मागचे अर्धे कवच टेबलावर माझ्यासमोर उपडे पडले होते आणि त्यावर निळ्या शाईने तीन अक्षरे होती. ती माझ्या हातची होती. वाचक बहुतेक व्यापारी आहेत. प्रत्येक पेढीचा दहा अक्षरांचा एक शब्द असतो आणि त्यातून नगाची खरेदी किंमत गिऱ्हाइकाला कळू न देता मालावर लिहिली जाते, हे त्यांना ठाऊक आहेच. (आमचा शब्द मी येथे सांगणार नाही, धाकटे बंधू अजून तोच वापरतात.) पण घरी आणलेल्या वस्तूवर मी कधी अक्षरे घातली नाहीत. ही दुकानातून विकलेली कॅसेट होती.

“ही तुझ्याकडे कुठून आली?”

“काउंटरच्या खालच्या खणात होती. आई म्हणाली, घे.”

तेव्हा मला सारे आठवले. १९९४ साली मुंबईहून मी टीव्हीला जोडायच्या गेमचे सेट व कॅसेटी पहिल्यांदा आणल्या. खोक्यावर बनविणाऱ्याचे नाव नव्हते. गिऱ्हाईक विचारी, “माल कुठला?” मी सांगे, “जपानी.” मला मुंबईत तसे सांगितले गेले होते आणि मी दुसऱ्यांदा विचारले नाही, कारण विचारले असते तर उत्तर मिळाले असते. राधानगरीकडच्या एका गावचे प्राथमिक शिक्षक मुलगी चौथीत पहिली आली म्हणून सेट घेऊन गेले, दोन हप्त्यांत. बरोबर ही कॅसेट घेतली, १८० रुपयांना. तीन महिन्यांनी एसटीने परत आले. कॅसेट चालत नव्हती. दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, “गुरुजी, जपानी माल आहे, असा बिघडत नाही. मुलीने नीट वापरला नसेल.” ते काही बोलले नाहीत. कॅसेट काउंटरवर ठेवली आणि निघून गेले. दुसरा हप्ता त्यांनी ठरल्या तारखेस पाठविला.

तीन काड्या आणि थोडे स्पिरिट! घड्याळाची मशिनरी पुसायला दोन्ही वस्तू माझ्या टेबलावर त्या दिवशीही होत्या.

पडद्यावर चिरंजीवाने विटांचा खेळ लावला होता. पुढे ‘९९९९ इन १’ छापलेल्या हातातल्या ब्रिक गेमच्या रूपात हाच खेळ मी शेकड्यांनी विकला, पण तो कोणाचा, हे मला त्या सभागृहात कळले. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी चित्रे काढता न येणाऱ्या संगणकावर नुसत्या कंसांच्या खुणा वापरून तो रचला. नाव टेट्रिस. हक्क सरकारचे; जगभर खप होत असताना रचणाऱ्याला त्यातला वाटा मिळू लागला तो १९९६ पासून. माझ्या विक्रीतला अर्थात तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

खेळ जुना झाला म्हणजे संपला, असेही नाही. याच वास्तूत २०१८ साली टेट्रिसच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. सात वेळा विजेते ठरलेले योनास न्यूबाउअर १६ वर्षांच्या मुलाकडून हरले, आणि हरल्यावर त्यांनीच त्या मुलाचे तोंड भरून कौतुक केले. पुढे २०२१ च्या जानेवारीत, अवघ्या ३९ व्या वर्षी ते गेले. २०२३ च्या डिसेंबरात ओक्लाहोमातील १३ वर्षांच्या मुलाने तर खेळ इतका पुढे नेला की यंत्रच गोठले. १९८९ च्या कॅसेटचा हा शेवट तोवर कोणा माणसाने पाहिला नव्हता. हे सारे चिरंजीव सांगत होता. मी ऐकत होतो आणि नव्हतोही.

दुकानदाराने साफसफाईचे दोन डॉलर घेतले. परतीच्या गाडीत मी चिरंजीवाला ती हकिकत सांगितली. तो बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. मग त्याने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. “अण्णा, मग ही माझी नाहीच.” त्याच्या बालपणातली तीच एक वस्तू त्याने साता समुद्रापार आणली होती. मी “राहू दे” म्हणालो नाही. म्हणायला हवे होते की नाही, ते मला अजून ठरविता येत नाही.

डिसेंबरात परतल्यावर जुन्या उधारीच्या वह्या काढल्या. गाव सापडले, नाव सापडले. गुरुजी सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या शेजाऱ्यांनी मुलीचा क्रमांक दिला. ती पुण्यात शिक्षिका आहे. फोनवर मी कोण ते सांगितले, कॅसेटचे सांगितले, आणि जे तेव्हा गुरुजींना सांगायचे होते तेही सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “काका, सेट आम्ही केव्हाच भंगारात घातला. दुसरी कॅसेट आणू म्हणत होते बाबा, पण मीच नको म्हणाले. मला वाटायचे माझ्या हातूनच बिघडली.”

मी कॅसेटचे पैसे परत पाठवू का, असे विचारले. ते नको म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “कॅसेट पाठवा. सेट नसला तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी कुरिअरच्या कचेरीत गेलो. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म पुढे सरकविला. वस्तूचे वर्णन असा एक रकाना होता. त्यात मी लिहिले, ‘व्हिडिओ गेमची कॅसेट, जुनी, नक्कल, चालू स्थितीत’. किमतीच्या रकान्यात १८० रुपये.

मुलाने वाचले आणि म्हणाला, “आजोबा, नक्कल कशाला लिहिताय? नुसते कॅसेट लिहिले तरी चालते.”

मी म्हणालो, “असू दे.”